साप खात नसेल तर आधी त्याचे घर तपासा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत परदेशी पाळीव प्राण्यांवर आलेला लेख मी इथे इंग्लंडमध्ये, रेडिंगला, ऑनलाइन वाचला. लेखाचा बराचसा भाग उपयुक्त आहे. मात्र कॉर्न स्नेक ह्या सापाविषयी लिहिताना, साप दोन-तीन आठवडे खात नसेल तर हलक्या हाताने त्याचे तोंड उघडून भक्ष्य आत सरकवावे, किंवा पेटीत जिवंत उंदीर सोडून द्यावा, असा जो सल्ला त्यात दिला आहे, तो वाचून मला स्वस्थ बसवेना. आमच्या घरचा कॉर्न स्नेक गेल्या हिवाळ्यात सात आठवड्यांहून अधिक काळ उपाशी होता आणि तो खाऊ लागला तो तोंड उघडल्यामुळे नव्हे, तर आम्ही त्याचे घर दुरुस्त केल्यामुळे. हा अनुभव आपल्या वाचकांसमोर यावा, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

ज्यांनी हा साप पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देते. कॉर्न स्नेक हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, न्यू जर्सीच्या दक्षिण टोकापासून फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला लुईझियानापर्यंत आढळणारा बिनविषारी साप आहे. केशरी अंग, त्यावर काळ्या कडांचे तांबडे ठिपके आणि पोटावर मक्याच्या रंगीत कणसासारखी काळी-पांढरी चौकट, असे त्याचे रूप असते. ह्या पोटामुळे त्याला हे नाव पडले असे काही म्हणतात, तर मक्याच्या कोठारांत उंदरांच्या मागे तो येत असे म्हणून पडले असे काहींचे म्हणणे आहे. आपल्याकडच्या धामणीसारखाच तोही उंदीर खाऊन जगणारा. पूर्ण वाढ झाली की तीन ते पाच फूट लांब होतो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो. स्वभाव शांत असल्यामुळे ब्रिटनमध्ये नवख्या माणसाला पहिला साप म्हणून बहुधा हाच सुचवला जातो. नेमकी इथेच गफलत होते, कारण सोपा साप म्हणजे कुठेही ठेवला तरी चालणारा साप, असा अर्थ लोक काढतात. आम्हीही तोच काढला होता.

आमची केशर (हे नाव मुलीने ठेवले) गेल्या ऑक्टोबरमध्ये घरी आली, तेव्हा ती साधारण वर्षाची आणि ६८ ग्रॅम वजनाची होती. दुकानातून तिच्यासोबत चार फूट लांबीची काचेची पेटी, खाली लावायची हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), काचेला चिकटवायचा गोल तापमापक, लाकडाच्या चिपांची पिशवी आणि एक प्लास्टिकची गुहा असे सगळे साहित्य मिळाले. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरावीक मर्यादेत ठेवणारे उपकरण, हवा का, हे आम्ही विचारले नाही आणि कुणी सांगितलेही नाही. पेटी दिवाणखान्यात ठेवली, कारण मुलीला ती येता-जाता दिसायला हवी होती. एका बाजूला टीव्ही, मागे भिंतीवरचा रेडिएटर, समोर बाहेरचा दरवाजा. मॅट पेटीच्या डाव्या टोकाखाली होती आणि गुहा उजव्या टोकाला, कारण तिथे ती शोभून दिसत होती. आता हे लिहितानासुद्धा मला वाईट वाटते.

पहिल्या आठवड्यात तिने खाल्ले नाही, तेव्हा नवी जागा आहे, रुळेल, असे आम्ही म्हटले. दुसऱ्या आठवड्यात तिला देत असलेल्या मेलेल्या, गोठवलेल्या उंदराचा आकार बदलून पाहिला. तिसऱ्यात पांढऱ्या उंदराऐवजी करडा उंदीर आणला, चौथ्यात तो अधिक गरम पाण्यात ठेवून दिला, पाचव्यात चिमट्याने तिच्या तोंडासमोर बराच वेळ हलवत राहिलो. दर वेळी ती मान मागे घेई, अंगाचे घट्ट वेटोळे करी आणि शेपटीचे टोक चिपांवर थरथरवत राही. सांगलीहून सासूबाई फोनवर रोज विचारत, "खाल्लं का गं तिनं? दूध तरी पाज वाटीभर." साप दूध पचवू शकत नाही, नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पितो तो कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असतो म्हणून, हे मी त्यांना समजावले. त्यांनी ते मानलेही. पण त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा खरे उत्तर नव्हते. मला वाटत होते की दोष केशरच्या तोंडात आहे, भुकेत आहे, किंवा उंदरात आहे.

सातव्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचे वजन ६३ ग्रॅम भरले आणि आम्ही सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्य बाईंकडे गेलो. त्यांनी तोंडात सूज किंवा पू नाही ना ते पाहिले, श्वास ऐकला, खवल्यांच्या फटींत आणि डोळ्यांभोवती गोचीडवर्गीय किडे आहेत का ते तपासले. सगळे ठीक होते. मग त्यांनी केशरला पिशवीत परत ठेवले आणि म्हणाल्या, "आता मला पेटीचा फोटो दाखवा." फोटो पाहून त्यांनी एकच प्रश्न विचारला : गरम बाजूचे तापमान तुम्ही कुठे मोजता? मी म्हटले, काचेवरच्या तापमापकावर, रोज संध्याकाळी, आणि ते २७ अंश असते. त्या म्हणाल्या, "साप काचेवर राहत नाही. तो जिथे पोट टेकतो तिथे मोजा, आणि पहाटे मोजा."

त्याच दिवशी आम्ही लांब तारेचा डिजिटल तापमापक आणला. जे आकडे दिसले ते मी वहीत लिहून ठेवले आहेत. मागच्या काचेला रेडिएटरची धग लागत होती, म्हणून संध्याकाळी गोल तापमापक २७ दाखवी. केशर ज्या गुहेत दिवसरात्र बसून होती, त्या गुहेच्या तळाशी संध्याकाळी २१ अंश होते आणि रात्री रेडिएटर बंद झाल्यावर पहाटे पाच वाजता १६. डाव्या टोकाला चिपांच्या वर २४. आणि त्याच जागी चिपा बाजूला सारून मॅटवरच्या काचेला तार टेकवली, तर ४१. म्हणजे वर माघातली थंडी आणि खाली तापलेला तवा. ऊब मिळवायला म्हणून ती चिपांत शिरली असती तर पोट भाजून घेतले असते. थर्मोस्टॅट नसलेली मॅट किती तापते, याची आम्हाला कल्पनाच नव्हती.

साप स्वतःची उष्णता स्वतः निर्माण करत नाही, हे शाळेत आपण सगळेच शिकतो. पण त्याचा जेवणाशी काय संबंध आहे, हे तिथे कुणी सांगत नाही. साप भक्ष्य चावून खात नाही, अख्खे गिळतो. तो अख्खा उंदीर, केस आणि हाडांसकट, पोटातल्या पाचकरसांनी विरघळवायचा असतो आणि ते रस काम करतात ते शरीर पुरेसे उबदार असेल तरच. सोळा अंशांच्या थंडीत गिळलेला उंदीर पचण्याआधी पोटातच कुजू लागतो आणि मग साप तो उलटून टाकतो. अशी उलटी सापाला फार महागात पडते, अन्ननलिका आणि जठर दुखावते, पाणी कमी होते, आणि त्यानंतर किमान दहा ते चौदा दिवस त्याला काही न देता थांबून पुढचे भक्ष्य लहान द्यावे लागते. ज्या सापाला पोट गरम करायला जागाच नाही, त्याने उंदीर नाकारणे हे त्याच्या जिवाला जपण्यासारखे आहे. त्या सात आठवड्यांत मी तिच्या तोंडात जबरदस्तीने उंदीर कोंबला असता तर काय झाले असते, ह्या विचाराने मला आजही धास्ती वाटते.

तरीही डाव्या टोकाला २४ अंश होते, ती तिथे का जात नव्हती? ह्याचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तिथे लपायला काही नव्हते. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण आपण दुसऱ्याच्या कष्टावर बसणाऱ्या माणसाला लावतो. पण ज्याने ती पहिल्यांदा वापरली त्याने साप नीट पाहिला होता. कॉर्न स्नेक दिवसाचा बराच वेळ झाडाच्या सुटलेल्या सालीखाली, ओंडक्याखाली, उंदराने खणलेल्या बिळात काढतो आणि संधिप्रकाशात किंवा रात्री बाहेर पडतो. उघड्यावरचा साप म्हणजे ससाण्याचे आणि घुबडाचे खाद्य, आणि पेटीत जन्मलेल्या सापाच्या अंगातही ही भीती तशीच असते. ऊब आणि आडोसा यांपैकी एकच मिळणार असेल, तर साप आडोसा निवडतो आणि थंडीत बसून राहतो. केशरने तेच केले होते. म्हणून पेटीत निदान दोन लपणी हवीत, एक गरम टोकाला आणि एक गार टोकाला, म्हणजे सापाला ह्या दोहोंत निवड करावी लागत नाही. लपण ऐसपैस असून उपयोग नाही. वेटोळे घातले की पाठ आणि दोन्ही कुशी भिंतींना टेकल्या पाहिजेत, तोंड अरुंद असले पाहिजे. आमची प्लास्टिकची गुहा दोन्ही बाजूंनी उघडी आणि एवढी मोठी होती की तिच्यात मांजर बसले असते.

मग आम्ही बदल केले. पेटी दिवाणखान्यातून हलवून आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून आणि रेडिएटरपासून दूर ठेवली. टीव्हीचा आवाज सापाला आपल्यासारखा ऐकू येत नसला, तरी जमिनीतून आणि टेबलातून येणारी कंपने त्याला चांगली जाणवतात, म्हणून कपडे धुण्याचे यंत्रही तिथून लांब आहे ना ते पाहिले. तीन बाजूंच्या काचांना बाहेरून काळा पुठ्ठा लावला. मॅट काढून टाकली आणि वरून उष्णता देणारा, प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर जाळीच्या आवरणात बसवला, तो थर्मोस्टॅटला जोडला आणि थर्मोस्टॅटची तार गरम टोकाच्या लपणापाशी, सापाच्या उंचीवर लावली. गरम टोकाला २९ ते ३० अंश, गार टोकाला २२ ते २३, रात्री थोडे कमी, पण २० च्या खाली नाही, असे तापमान दोन दिवस रिकाम्या पेटीत मोजून खात्री केल्यावरच तिला आत सोडले. त्या दोन दिवसांत ती झाकणाला भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात, उबदार खोलीत होती.

तळाला ॲस्पेन लाकडाच्या भुशाचा तीन इंच थर दिला, कारण ह्या सापाला भुशात बोगदे करून राहायला आवडते. देवदार आणि पाइनच्या भुशात सुगंधी तेले असतात, ती सापाच्या फुप्फुसांना घातक ठरतात, त्यामुळे घरात सहज मिळणारा कोणताही भुसा वापरू नये. उरलेली मोकळी जागा आम्ही बुचाच्या सालींनी, खोट्या पानांच्या वेलींनी आणि कागदी रुमालांच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांनी भरून टाकली. मुलीची तक्रार होती की आता केशर दिसणारच नाही. ती दिसली नाही, हे खरे. पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही उघड्यावर न येता जाता येईल असा रस्ता तिला मिळाला आणि तिसऱ्या दिवशी टॉर्चच्या लाल प्रकाशात आम्हाला दिसले की ती पहिल्यांदाच पेटीभर फिरत होती, जीभ संथपणे लवलवत प्रत्येक सालीचा वास घेत होती.

पशुवैद्य बाईंनी बजावले होते की दहा दिवस तिला हात लावायचा नाही आणि खायलाही द्यायचे नाही, फक्त पाणी बदलायचे. हे दहा दिवस आम्हाला फार जड गेले. उपाशी जिवाला आणखी उपाशी ठेवायचे, हे आईच्या मनाला पटत नाही. पण दर चार दिवसांनी नाकासमोर उंदीर नाचवून आम्हीच तिला घाबरवत होतो, हेही तोवर मला कळून चुकले होते.

अकराव्या दिवशी, रात्री साडेआठ वाजता, फ्रिजमध्ये रात्रभर वितळवलेला लहान उंदीर पिशवीसकट कोमट पाण्यात ठेवून उबदार केला, कोरडा पुसला आणि खोलीतला दिवा मालवून लांब चिमट्याने गरम लपणाच्या तोंडाशी धरला. आधी फक्त जीभ दिसली. एकदा, दोनदा, मग भराभर. नंतर जीभ थांबली. डोके इंचभर बाहेर आले, मान इंग्रजी एस अक्षरासारखी वाकली आणि मला काही कळायच्या आत चिमटा हिसकला गेला. उंदराभोवती तीन विळखे पडले होते. मेलेल्या उंदराला ती मिनिटभर आवळत राहिली, मग विळखा सैल करून नाकाने चाचपत त्याचे डोके शोधले आणि तिथून गिळायला सुरुवात केली. एकेक बाजूचा जबडा पुढे सरकवत, मध्ये थांबत, साधारण दहा मिनिटांत शेपटी आत गेली. मुलीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटे दुखली. आम्ही दोघी अंधारात काही न बोलता बसून राहिलो.

मला खरा दिलासा मात्र त्या रात्री मिळाला नाही, तो पाचव्या दिवशी मिळाला. चार दिवस ती गरम लपणातून हलली नाही, मधल्या भागातली फुगीर गाठ हळूहळू मागे सरकत विरत गेली आणि पाचव्या दिवशी भुशात घट्ट, नीट विष्ठा सापडली. उलटी नाही, म्हणजे पचले. त्यानंतर ती दर आठ-दहा दिवसांनी खात आली आहे. फेब्रुवारीत एकदा तिने नकार दिला, पण तेव्हा तिचे डोळे दुधाळ निळसर झाले होते. कात टाकायच्या आधी साप बहुधा खात नाहीत, हे आता आम्हाला माहीत होते. ओल्या शेवाळाचा एक डबा आत ठेवला आणि आठवड्याने अखंड कात मिळाली, अगदी डोळ्यांवरच्या चकत्यांसकट. आता तिचे वजन ११० ग्रॅम आहे.

प्रत्येक न खाणाऱ्या सापाचे कारण घरातच असते, असे माझे म्हणणे नाही. वयात आलेले नर वसंतात मादीच्या शोधात खाणे सोडतात, काही साप हिवाळ्यात आपसूक कमी खातात. तोंडातून फेस किंवा बुडबुडे येत असतील, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल, साप तोंड उघडे टाकून बसत असेल, किंवा वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले असेल, तर तापमापकाशी खेळत न बसता थेट पशुवैद्याकडे जावे. अगदी लहान पिल्लांच्या अंगातला साठा तुटपुंजा असतो, त्यांच्या बाबतीत तर आमच्यासारखे सात आठवडे थांबूच नये. पण निरोगी कॉर्न स्नेक काही आठवडे न खाता राहू शकतो आणि हा वेळ पेटी तपासायला पुरेसा असतो.

तोंड उघडून भरवणे हे कधी कधी खरोखर करावे लागते, पण ते काम जाणकार पशुवैद्याचे आहे आणि तेही इतर सर्व उपाय थकल्यावर. घरी ते करताना सापाचे नाजूक दात मोडतात, अन्ननलिकेला इजा होते आणि घाबरलेला साप ते बहुधा उलटूनच टाकतो. जिवंत उंदराचा सल्ला तर मला त्याहून गंभीर वाटतो. न खाणाऱ्या सापासोबत रात्रभर बंद पेटीत राहिलेला उंदीर सापालाच कुरतडतो, अशा जखमांनी साप दगावलेले आहेत. आणि त्या उंदराच्या यातनांचाही विचार व्हायला हवा. इंग्लंड आणि वेल्सला लागू असलेल्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यात पाळणाऱ्याने पुरवायच्या गरजा क्रमाने दिल्या आहेत. त्यांत पहिली गरज योग्य निवासाची आहे आणि आहार दुसऱ्या क्रमांकावर आहे. केशरच्या बाबतीत हाच क्रम खरा ठरला.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट नमूद करायला हवी, जी त्या लेखात राहून गेली आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे आपल्याकडचे देशी साप पकडून घरी बाळगणे हा गुन्हा आहे. आपला तस्कर साप बिनविषारी, देखणा आणि दिसायला कॉर्न स्नेकच्या नात्यातला आहे. लेखातला फोटो पाहून कुणा मुलाने अंगणातला तस्कर बरणीत भरून ठेवू नये, घरात साप आला तर वन विभागाला किंवा सर्पमित्राला कळवावे. आणि ज्यांच्याकडे परदेशी साप रीतसर आहे, त्यांनी तो खात नाही किंवा कंटाळा आला म्हणून टेकडीवर नेऊन सोडू नये. तिथे तो मरेल, आणि जगलाच तर इथल्या प्राण्यांना उपद्रव होईल.

आपल्या दैनिकाचा वाचकवर्ग मोठा आहे आणि पुरवणीतली माहिती लोक कात्रण करून जपून ठेवतात. म्हणून पुढच्या पुरवणीत सक्तीने भरवण्याविषयीची आणि जिवंत उंदराविषयीची ती दोन वाक्ये दुरुस्त करून छापावीत, आणि त्यांच्या जागी सापाच्या पेटीतले तापमान सापाच्या उंचीवर, रात्री आणि पहाटे मोजावे, तसेच दोन्ही टोकांना घट्ट बसणारी लपणी ठेवावीत, एवढे तरी ठळकपणे द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
रेडिंग, इंग्लंड